शिक्षेच्या फेरविचाराची मुदत खरोखर संपली आहे का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आतेबहिणीला न्यूयॉर्क राज्यात पतीच्या मृत्यूप्रकरणी १८ वर्षांची शिक्षा झाली आहे. घटना २०१५ सालची असून २०१७ मध्ये तिने पहिल्या श्रेणीच्या मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि तेव्हापासून ती बेडफोर्ड हिल्सच्या महिला तुरुंगात आहे. लग्नानंतरची अनेक वर्षे तिने मारहाण आणि धमक्या सोसल्या होत्या. परंतु खटल्याच्या वेळी त्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. घरगुती हिंसाचार सोसलेल्या कैद्यांची शिक्षा कमी करणारा कायदा २०१९ मध्ये आला, हे कुटुंबाला अलीकडे कळले. मात्र ओळखीतील एका गृहस्थांनी ‘त्याची मुदत केव्हाच उलटली’ असे सांगितले. तेव्हा आता काही करता येईल का, आणि भारतात असतो तसा विलंब माफ करून घेण्याचा अर्ज इथे असतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी न्यूयॉर्कमध्ये शिक्षा झाल्यानंतरच्या टप्प्यावरील फौजदारी प्रकरणे चालवते आणि या कायद्याखालील अर्ज हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून प्रथम सरळ उत्तर देते: तुम्ही वर्णन केलेल्या परिस्थितीत मुदत उलटलेली नाही, कारण या अर्जासाठी न्यूयॉर्कच्या कायद्याने शेवटची तारीख ठरवलेलीच नाही. विलंब माफ करून घेण्याचा प्रश्नही त्यामुळे उद्भवत नाही. तरीही मी ‘मग सावकाशीने करा’ असे म्हणणार नाही. कायद्यात तारीख नसली तरी अर्जाला लागणारे कागद आणि माणसे कायमची थांबत नाहीत, आणि बाजूला इतर काही घड्याळे चालू असतात. दुसरीकडे, घाईने केलेला अर्ध्या तयारीचा अर्ज हा उशिरा केलेल्या अर्जापेक्षा अधिक नुकसान करतो. कोणते पाऊल लवकर टाकायचे आणि कोणते पूर्ण तयारीनंतरच टाकायचे, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. मी कागदपत्रे पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढे जे लिहिते ते तुम्ही दिलेल्या माहितीवर आधारलेले आहे. त्यातील एखादी तारीख किंवा गुन्ह्याचे कलम वेगळे निघाले तर उत्तरही बदलू शकते.

ओळखीच्या गृहस्थांचा गैरसमज कुठून झाला असावा, हे मला समजू शकते. भारतात सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला साधारणपणे ६० दिवस मिळतात आणि उशीर झाला तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. न्यूयॉर्कमध्ये शिक्षेविरुद्ध अपिलाची नोटीस ३० दिवसांत द्यावी लागते. ती राहून गेली तर वाढीव मुदत मागण्याची सोय आहे, पण त्या मागणीलाही एक वर्षाची मर्यादा आहे. राज्यातील शिक्षेला केंद्रीय न्यायालयात हेबियस कॉर्पसद्वारे आव्हान द्यायचे असेल, तर १९९६ च्या कायद्यानुसार एकच वर्ष मिळते. २०१७ च्या शिक्षेला हे सगळे हिशेब लावले, तर सर्व दारे बंद दिसतात. त्यातील अपिलाचे दार बहुधा खरोखरच बंद झाले आहे. शिक्षेचा फेरविचार मागणे मात्र अपील नव्हे. दोषसिद्धी चुकीची होती असा दावा त्यात करायचा नसतो. किंबहुना या अर्जावर सुनावणी करताना दोषसिद्धीचा पाया तपासायला कायद्यानेच न्यायालयाला मनाई केली आहे. गुन्हा मान्य असो वा नसो, शिक्षा ठरवताना जे हिशेबात घ्यायला हवे होते ते घेतले गेले नाही, एवढाच मुद्दा तिथे असतो. तिने गुन्हा कबूल केला होता, ही बाबही त्यामुळे अडथळा ठरत नाही.

या कायद्याचे नाव डोमेस्टिक व्हायोलन्स सर्व्हायव्हर्स जस्टिस अ‍ॅक्ट. तो १४ मे २०१९ रोजी झाला. त्याचे दोन भाग आहेत आणि कोणता भाग लागू होतो हे गुन्ह्याच्या तारखेवर ठरते, म्हणून सगळ्यांत आधी ती तारीख कागदावर पाहावी. ज्यांना पुढे शिक्षा व्हायची आहे, त्यांच्यासाठी पीनल लॉच्या कलम ६०.१२ मध्ये कमी शिक्षेचा पर्याय आहे. ज्या आधीच तुरुंगात आहेत, त्यांच्यासाठी क्रिमिनल प्रोसीजर लॉचे कलम ४४०.४७ आहे आणि ते १२ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाले. या दुसऱ्या भागाचा लाभ घेण्यासाठी गुन्हा त्या तारखेपूर्वीचा असावा लागतो, शिक्षेची निश्चित किंवा किमान मुदत ८ वर्षे किंवा त्याहून अधिक असावी लागते आणि अर्जदार राज्याच्या तुरुंगात बंदिस्त असावी लागते. तुमची बहीण या तिन्ही अटींत बसते. पहिल्या श्रेणीचा खून, दहशतवाद, लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करावी लागणारे गुन्हे आणि आधीच्या हिंसक गुन्ह्यामुळे वाढलेली शिक्षा ही प्रकरणे वगळलेली आहेत. पहिल्या श्रेणीचा मनुष्यवध वगळलेला नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण हे उत्तर इतरही कुणी वाचेल. गुन्हा १२ ऑगस्ट २०१९ नंतरचा असेल, तर कलम ४४०.४७ चा मार्ग मिळत नाही. अशा स्त्रीने हिंसाचाराचा मुद्दा शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच मांडायला हवा, आणि तो फेटाळला गेला तर ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यायला हवी. म्हणजे ज्यांचे प्रकरण नवे आहे, त्यांच्यासाठी मुदत अतिशय कडक आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येण्यापूर्वीच निघून जाते. सध्या कुणाचा खटला चालू असेल, तर त्यांच्या वकिलांना कलम ६०.१२ विषयी आजच विचारावे.

आता न लिहिलेल्या मुदतींकडे येते. पहिली मुदत सुटकेची. कायद्याचे शब्द तुरुंगात बंदिस्त असलेल्या व्यक्तीविषयी आहेत, त्यामुळे पॅरोलवर किंवा चांगल्या वर्तणुकीच्या सवलतीने बाहेर पडलेल्या स्त्रीने नंतर अर्ज केला तर सरकारी पक्ष पहिला आक्षेप तोच घेतो. निश्चित मुदतीच्या शिक्षेत वर्तणूक चांगली असेल तर साधारण एक-सप्तमांश काळ आधी सुटका होते. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ती तारीख अजून काही वर्षे दूर असावी. पण जिची सुटका जवळ आली आहे, तिने ‘आता थोडेच दिवस राहिले’ म्हणून अर्ज सोडून देऊ नये. शिक्षा कमी झाल्याचा परिणाम सुटकेनंतरच्या देखरेखीच्या काळावरही होऊ शकतो. अर्ज आत असतानाच दाखल व्हावा, एवढे पाहावे. त्यासाठी मिळणारी सुटका नाकारण्याचा सल्ला मात्र मी कधीही देणार नाही.

दुसरी मुदत पुराव्याची आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेक अर्ज तिच्यापायी दुबळे होतात. कायदा अर्जासोबत किमान दोन पुरावे मागतो. गुन्ह्याच्या वेळी अर्जदार कुटुंबातील किंवा घरातील व्यक्तीकडून होणाऱ्या गंभीर शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक छळाची बळी होती, या म्हणण्याला त्यांनी दुजोरा द्यायला हवा. त्यांपैकी किमान एक पुरावा ठरावीक प्रकारचा असावा लागतो: न्यायालयीन नोंद, शिक्षेपूर्वीचा प्रोबेशन विभागाचा अहवाल, समाजसेवा खात्याची नोंद, रुग्णालयाची नोंद, हिंसाचार प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदाराचे शपथेवरील निवेदन, पोलिसांची नोंद, कौटुंबिक घटनेचा पोलीस अहवाल किंवा संरक्षण आदेश. दुसऱ्या पुराव्याबाबत कायदा अधिक उदार आहे. डॉक्टर, समुपदेशक, समाजसेविका, वकील, धर्मगुरू किंवा हिंसाचारग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती यांच्यापैकी कुणाशी तिने बोलल्याची खातरजमाही चालते. आपल्या समाजासाठी हा भाग फार मोलाचा आहे. आपल्या मुली पोलिसांना सहसा फोन करत नाहीत, पण मंदिरातील गुरुजींजवळ कधीतरी बोललेल्या असतात, किंवा न्यू जर्सीतील मानवी, न्यूयॉर्कमधील सखी अशा दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्यांनी एखादा फोन केलेला असतो. तिने तसे काही केले होते का, हे तिला भेटीत हळुवारपणे विचारा. अनेकींना आपण तेव्हा मदत मागितली होती हेही आठवत नाही, कारण त्यातून पुढे काही निष्पन्न झालेले नसते.

या नोंदी किती काळ राहतात ते पाहा. न्यूयॉर्कमधील रुग्णालयांना प्रौढ रुग्णाची कागदपत्रे ६ वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. पोलिसांनी घरी येऊन भरलेला कौटुंबिक घटनेचा अहवाल कायद्याप्रमाणे किमान ४ वर्षे ठेवायचा असतो. तातडीच्या फोनची ध्वनिमुद्रणे त्याहून खूपच लवकर पुसली जातात. २०१५ पूर्वीच्या घटनांसाठी या सगळ्या किमान मुदती होऊन गेल्या आहेत. याचा अर्थ कागद नक्की नष्ट झाले असा नाही. ‘किमान’ म्हणजे त्यानंतर नष्ट करण्याची मुभा. अनेक ठिकाणी ते तसेच पडून असतात, आणि जुन्या वकिलांच्या किंवा सरकारी पक्षाच्या फाइलमध्ये त्यांच्या प्रतीही सापडतात. पण आज असलेला कागद पुढच्या वर्षी असेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून अर्ज कधी दाखल करायचा हे ठरण्यापूर्वीच कागद मागवण्याचे काम सुरू करावे. रुग्णालयाच्या कागदांसाठी तिच्या सहीचे संमतिपत्र लागते. पोलीस नोंदींसाठी न्यूयॉर्कच्या माहितीच्या कायद्याखाली लेखी मागणी करावी. कार्यालयाने ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर किंवा पोच द्यायची असते आणि नकार आल्यास त्यावर ३० दिवसांत अपील करता येते. हे ३० दिवस मात्र पाळावेच लागतात. शिक्षेपूर्वीचा प्रोबेशन अहवाल गोपनीय असल्याने त्याची प्रत न्यायालयाच्या परवानगीने मिळवावी लागते. पण तो मिळवण्याचा आग्रह धरावा, कारण घाबरलेल्या अवस्थेत तिने प्रोबेशन अधिकाऱ्याला सांगितलेली एखादी ओळ तिथे लिहिलेली असते आणि तीच पुढे सर्वांत विश्वासार्ह ठरते.

तिच्या मोबाइलविषयीही सांगते. जुना फोन घरात कुणाकडे असेल तर तो तसाच ठेवा, विकू नका आणि त्यातील मजकूर पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश एकमेकांना पुढे पाठवून त्यांची तारीख आणि मूळ रूप हरवते. त्याऐवजी संपूर्ण संभाषण तारखांसह उतरवून घ्यावे आणि मूळ फोन वकिलांना द्यावा.

आता अर्जाच्या दोन टप्प्यांकडे येते. पहिल्या टप्प्यात शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांकडे केवळ ‘मला फेरविचारासाठी अर्ज करू द्यावा’ अशी विनंती असते. विनंतीसोबत अर्जदार तुरुंगात आहे, शिक्षा ८ वर्षे किंवा त्याहून अधिक आहे, गुन्हा ठरलेल्या तारखेपूर्वीचा आहे आणि कलम पात्र आहे एवढेच दाखवणारे कागद लागतात. छळाचा पुरावा या टप्प्यावर मागितलेला नाही. ते न्यायाधीश आता त्या न्यायालयात नसतील, तर विनंती त्याच न्यायालयातील दुसऱ्या न्यायाधीशांकडे सोडतीने जाते. पात्रता मान्य झाली की न्यायालय तिला तसे कळवते, आणि तिला वकील परवडत नसेल तर मागणीनुसार सरकारी खर्चाने वकील नेमून देते. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष अर्ज येतो, पुराव्यांसह.

दोन्ही टप्प्यांची गती मी वेगळी ठेवते. पहिली विनंती लवकर करावी, कारण तिच्यामुळे वकील मिळण्याचा मार्ग खुला होतो आणि ती तुरुंगात असतानाच नोंद होते. कागद अपुरे म्हणून ती फेटाळली गेली, तरी तो नकार पुन्हा विनंती करण्याच्या आड येत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. दुसऱ्या टप्प्यातही दोन पुराव्यांची अट पूर्ण झाली नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळला गेला, तर तो पुन्हा करता येतो. पण एकदा अट पूर्ण झाली, सुनावणी झाली आणि न्यायालयाने गुणदोषांवर नकार दिला की परिस्थिती पालटते. त्या नकाराविरुद्ध अपिलाचा हक्क आहे, त्याची नोटीस ३० दिवसांत द्यावी लागते, आणि अपिलात पाहिले जाते ते प्रामुख्याने सुनावणीत आलेले साहित्य. नंतर सापडलेला रुग्णालयाचा कागद तिथे सहज घुसवता येत नाही. म्हणून सुनावणीपर्यंत जाण्यापूर्वी वकिलांनी ‘अजून दोन महिने द्या’ म्हटले, तर त्यांच्यावर चालढकलीचा आरोप करू नका; ते दोन महिने बहुधा मानसशास्त्रज्ञांच्या अहवालासाठी किंवा एखाद्या साक्षीदारासाठी असतात. काही वकील पहिल्या विनंतीपूर्वीच बरीचशी तयारी करणे पसंत करतात, विशेषतः मूळ न्यायाधीश अजून त्याच जागी असतील आणि त्यांनी शिक्षा देताना छळाविषयी कठोर उद्गार काढले असतील तेव्हा. त्यांचा विचारही बरोबर असू शकतो. शिक्षा सुनावतानाचा शब्दशः वृत्तांत वाचल्याशिवाय हे ठरवता येत नाही, म्हणून तो वृत्तांत प्रथम मागवावा.

सुनावणीत न्यायालय तीन गोष्टी तपासते: गुन्ह्याच्या वेळी ती गंभीर छळाची बळी होती का, त्या छळाचा गुन्हा घडण्यात महत्त्वाचा वाटा होता का, आणि गुन्ह्याचे स्वरूप व तिचा इतिहास, स्वभाव, स्थिती ध्यानात घेता मूळ शिक्षा अवाजवी कठोर ठरते का. पहिल्या प्रश्नात ‘गुन्ह्याच्या वेळी’ हे शब्द जड आहेत. लहानपणी किंवा पूर्वीच्या संबंधात झालेला छळ पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडतो, पण न्यायालये काळाचा संबंध शोधतात, म्हणून अखेरच्या वर्ष-दोन वर्षांतील पुराव्यावर भर द्यावा. दुसऱ्या प्रश्नात छळ हे एकमेव कारण असण्याची गरज नाही. तिसऱ्या प्रश्नात तुरुंगातील तिची वागणूक, शिक्षण आणि काम यांची नोंद विचारात घेता येते. तिने आत राहून केलेले अभ्यासक्रम आणि मिळवलेली प्रमाणपत्रे जपून ठेवा.

या प्रश्नांकडे पाहण्याची दृष्टी किती फरक करते, हे निकोल अ‍ॅडिमँडो प्रकरणात दिसले. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या खुनासाठी ती दोषी ठरली होती. न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीच्या न्यायालयाने २०२० मध्ये तिला कलम ६०.१२ चा लाभ नाकारून किमान १९ वर्षांची जन्मठेप दिली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ती साडेसात वर्षांवर आणली आणि छळ सोसलेल्या स्त्रीने कसे वागायला हवे याविषयीच्या जुनाट समजुतींवर खालच्या न्यायालयाचा निर्णय बेतलेला होता, असे स्पष्ट म्हटले. ‘ती सोडून का गेली नाही’ हा प्रश्न तुमच्या बहिणीच्या सुनावणीतही येणार आहे. परदेशातील व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असणे, स्वतःचे बँक खाते नसणे, माहेरची ‘सांभाळून घे’ ही शिकवण आणि मुलांचे पारपत्र नवऱ्याच्या ताब्यात असणे यांचा अर्थ तिथल्या न्यायाधीशांना आपोआप कळत नाही. तो तज्ज्ञ साक्षीदाराने समजावून सांगावा लागतो, आणि असा तज्ज्ञ शोधायलाही वेळ लागतो.

शिक्षेत किती फरक पडू शकतो हेही लिहिते, म्हणजे हा खटाटोप कशासाठी आहे ते घरच्यांना कळेल. पहिल्या श्रेणीच्या मनुष्यवधाला एरवी ५ ते २५ वर्षांची निश्चित शिक्षा होते. पूर्वी गंभीर गुन्हा नसलेल्या अर्जदारासाठी पर्यायी शिक्षा १ ते ५ वर्षांची आहे. दुसऱ्या श्रेणीच्या खुनाला जन्मठेपेऐवजी ५ ते १५ वर्षे देता येतात. अर्ज मान्य झाला तर तुमच्या बहिणीने पर्यायी शिक्षेच्या कमाल मर्यादेहून अधिक काळ आधीच भोगलेला असेल. पण मान्य होईलच असे कुणीही ठामपणे सांगू नये, आणि तिच्याशी बोलताना तुम्हीही सांगू नका.

आतापर्यंतचे थोडक्यात: फेरविचाराच्या अर्जाला अंतिम तारीख नाही, पहिली विनंती लवकर, दुसरा अर्ज पूर्ण तयारीने, माहिती मागणीच्या नकारावर ३० दिवस आणि अर्जाच्या नकारावरही ३० दिवस. तुरुंगातून टपालाने काही पाठवताना एक खबरदारी घ्यावी. कैद्याने कागद तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती दिला त्या दिवशी तो दाखल झाला असे केंद्रीय न्यायालये मानतात, पण न्यूयॉर्कच्या राज्य न्यायालयांत त्यावर विसंबू नये; तिथे कागद न्यायालयाच्या कार्यालयात पोहोचल्याची तारीख महत्त्वाची ठरू शकते. मुदतीचा कागद असेल तर किमान दोन आठवडे हाताशी ठेवून पाठवावा. केंद्रीय हेबियस कॉर्पसचे वर्ष २०१७ च्या कबुलीजबाबानंतर बहुधा संपले आहे, आणि फेरविचाराचा अर्ज केल्याने संपलेले वर्ष पुन्हा सुरू होत नाही.

हे सगळे न्यूयॉर्कपुरते आहे. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये आणि जॉर्जियाने २०२५ मध्ये या धर्तीचे कायदे केले, परंतु त्यांच्या अटी निराळ्या आहेत. इलिनॉयने २०१६ मध्ये अशी तरतूद केली तेव्हा ती २ वर्षांची सर्वसाधारण मर्यादा असलेल्या कलमातच घातली होती, त्यामुळे जुन्या शिक्षा भोगणाऱ्या कित्येक स्त्रियांना तिचा उपयोगच होईना; पुढे तिच्यात बदल झाले. कदाचित तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी असेच काही ऐकले असेल. दुसऱ्या राज्यातील कुणी हे वाचत असेल, तर त्या राज्याचा आजचा मजकूर पाहिल्याशिवाय माझ्या उत्तरावरून निष्कर्ष काढू नये.

तुमची बहीण अमेरिकन नागरिक नसेल, तर दाखल करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. राज्य न्यायालयाने पुनर्वसनाच्या किंवा सहानुभूतीच्या कारणाने शिक्षा कमी केली, तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने मूळ शिक्षाच धरावी, असा निर्णय २०१९ मध्ये तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी दिला होता. म्हणजे लवकर सुटका झाली तरी हद्दपारीचा धोका त्याने टळत नाही. उलट इमिग्रेशन खात्याने तिच्या नावावर ताब्याची सूचना लावली असेल, तर सुटकेच्या दिवशीच तो प्रश्न समोर येतो. अनेकींना तरीही लवकर सुटका हवी असते, काहींना मुलांजवळ राहण्यासाठी थांबणे बरे वाटते. हा निर्णय तिचा आहे, मात्र तो तिने माहिती असताना घ्यावा.

तिच्याशी फोनवर घटनेच्या तपशिलाविषयी बोलू नका. तुरुंगातले फोन ध्वनिमुद्रित होतात आणि त्यातले एखादे तुटक वाक्य सुनावणीत वाचले जाऊ शकते. कागद, तारखा आणि वकिलांची नावे एवढेच बोला. बाकीचे तिने वकिलांशी बोलावे.

शेवटी, तुम्ही लिहिले आहे की तुमच्या आत्या, म्हणजे तिची आई, सांगलीत असतात आणि तिच्या बाळंतपणासाठी त्या काही महिने अमेरिकेत येऊन राहिल्या होत्या. त्या काळात त्यांनी मारहाण स्वतः पाहिली असेल, तर त्या कायद्याच्या अर्थाने हिंसाचाराच्या प्रत्यक्ष साक्षीदार आहेत आणि त्यांचे शपथपत्र हा ठरावीक प्रकारचा पुरावा होऊ शकतो. त्यानंतर फोनवरून त्यांनी काय ऐकले, तेही त्यात यावे. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी इंग्रजीत सफाईदार मजकूर तयार करतो आणि आईची सही घेतो. तसे करू नका. त्यांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर सरकारी पक्ष पहिल्याच प्रश्नात ते शपथपत्र निकालात काढू शकतो. त्यांनी मराठीत, त्यांच्याच शब्दांत, कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत, काय पाहिले आणि काय ऐकले ते सांगावे, जे आठवत नाही ते आठवत नाही असेच लिहावे, आणि नोटरीसमोर शपथेवर सही करावी. भाषांतर वेगळे करून त्यासोबत भाषांतरकाराने आपली पात्रता आणि भाषांतराचा अचूकपणा सांगणारे स्वतःचे शपथपत्र जोडावे. मजकूर कसा असावा हे वकिलांनी पाहायला हवे हे खरे, पण आत्यांचे वय झाले आहे असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणून वकील नेमले जाईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात सांगलीतील एखाद्या वकिलांकडून किंवा नोटरीकडून त्यांचे पहिले शपथपत्र करून घ्या आणि मूळ प्रत घरी सुरक्षित ठेवा. त्यात पुढे भर घालावी लागली, तर पुरवणी शपथपत्र करता येते.